पायाळू यंत्राचे दुखणे

गुप्तधन दिसायला माणूस पायाळू असावा लागतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत. पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीखालचे हंडे त्याला दिसतात म्हणे! कुणाला असा हंडा मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणि मिळालाच, तरी त्याने फार हुरळून जाऊ नये. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा कायदा १८७८ सालीच झालेला आहे.

आजचा पायाळू म्हणजे मेटल डिटेक्टर. आमच्या वाणगावच्या एका वाडीवाल्या काकांनी तो घेतला, तो मात्र हंड्यांसाठी नव्हे. चिकूच्या झाडांखाली मातीत गडप झालेले जुने लोखंडी पाइप आणि व्हॉल्व्ह हुडकायला. गेल्या वैशाखात त्याला निराळेच काम आले. मिरचीच्या शेवटच्या तोड्याला कामावरच्या एका मावशींचे मंगळसूत्र तुटले. काळे मणी बरेचसे वेचले गेले, पण सोन्याच्या दोन वाट्या सापडेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ट्रॅक्टर यायचा होता. एकदा शेतात फाळ फिरले की वाट्या कुठल्या कुठे!

“सोनं फार नाय, सर,” मावशी म्हणाल्या, “पण सासूनं दिलेलं हाय.”

काकांनी यंत्र बाहेर काढले, तर ते पावलोपावली उगाचच ओरडू लागले. “कॉइल गेली!” काकांनी निकाल दिला. नवी मागवायची तर आठवडा जाणार. मी मराठीचा मास्तर. पण डाख देण्याचा नाद मला शाळेपासूनचा. यंत्र मी संध्याकाळी घरी आणले.

आता ही कॉइल म्हणजे काय? यंत्राच्या तळाच्या तबकडीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो व भोवती बदलते चुंबकक्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. त्यांची चाहूल दुसरे वेटोळे घेते. एरवी दुसऱ्याला पहिल्याचे काही ऐकू येऊ नये, अशा बेताने दोन्ही एकमेकांवर थोडी सरकवून बसवलेली असतात. तो तोल केसभर ढळला तरी यंत्र बावचळते. म्हणून तबकडी रेझिन ओतून घट्ट केलेली असते, आणि म्हणूनच ती फोडण्याचा मोह आवरावा.

यंत्राला बोल लावण्याआधी भोवताल पाहावा, हा धडा फार जुना आहे. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरातली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल अशाच तत्त्वावरचे यंत्र घेऊन आले. इतरांवर त्याची परीक्षा नीट झाली होती. अध्यक्षांच्या बिछान्यापाशी मात्र ते भलतेच आवाज देऊ लागले. गादीत पोलादी तारा होत्या! शिवाय डॉक्टरांनी तपासू दिली ती उजवी बाजू, आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात अध्यक्ष वारले.

तेव्हा आधी मी लोखंडी खाटेपासून, विजेच्या तारांपासून व मोबाइलपासून दूर, अंगणातल्या लाकडी बाकावर यंत्र ठेवले. बॅटऱ्या नव्या घातल्या. तबकडीचा स्क्रू आवळला, दांड्यावरची सैल केबल घट्ट गुंडाळली. तरी ओरडणे चालूच. मग यंत्र बंद करून केबलचा प्लग काढला आणि काट्याचा मल्टिमीटर लावला. पहिल्या वेटोळ्याचा रोध स्थिर. दुसऱ्याचाही स्थिर, पण प्लगजवळ केबल वाकवताच काटा धाडकन पडला, सरळ करताच पुन्हा चढला. कॉइल ठणठणीत होती! तुटले होते ते प्लगच्या मानेशी, जिथे केबल नेहमी वाकते तिथे.

पुढचे काम शिवणकामाइतकेच घरगुती. कोणत्या रंगाची तार कोणत्या टोकाला, याचे चित्र आधी कागदावर काढले. केबल चार बोटे कापली. आत खाऱ्या दमट हवेने तांबे हिरवट पडले होते. लखलखीत तार दिसेपर्यंत मागे सोलत गेलो. आतल्या तारांभोवती जाळीचे कवच असते, ते बाहेरची विद्युत गडबड अडवते. ते शेजारच्या तारेला टेकू न देता त्याच्या जागी जोडावे लागते. तापवल्यावर आवळणारी नळी डाख देण्यापूर्वीच तारेवर ओवायची, मागाहून ती चढत नाही. डाख चकचकीत बसला की ती सरकवून गरम करायची, आणि मानेशी केबलला थोडी ढील ठेवायची. रात्री दहाला बाकावर पाच रुपयांचे नाणे ठेवले. यंत्र नाण्यावर बोलले आणि नाणे उचलताच गप्प झाले.

सकाळी साडेसहाला आम्ही शेतात उतरलो. बारीक सोनसाखळी असती तर कठीण होते. तिच्या प्रत्येक कडीत प्रवाह निराळा फिरतो, म्हणून यंत्राला ती जवळजवळ दिसतच नाही. वाटी म्हणजे सलग पत्रा. दोन खिळे आणि एक बाटलीचे बूच निघाल्यावर, सातव्या सरीत पहिली वाटी मिळाली. दुसरी तिच्यापासून हातभर अंतरावर. मावशींनी त्या पदराने पुसल्या, निऱ्यांत खोचल्या आणि त्या कामाला लागल्या.

वस्तू बिघडली की आपण तिच्यातल्या सर्वांत महागड्या भागावर संशय घेतो, आणि मग ती टाकून द्यावी लागते. बहुधा तुटलेले असते ते अगदी थोडे, रोज वाकणाऱ्या जागी. ते शोधायला पायाळू असावे लागत नाही. एक संध्याकाळ मोकळी असली म्हणजे पुरते.