आवाजाची मुदत

कवीला जुन्या ध्वनिफिती जिवापाड वाटतात. त्यांचा आवाज मात्र उडून जात नाही. दगा देतो तो गोंद. फितीच्या प्लॅस्टिक पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक कण गोंदासारख्या द्रव्याने बसवलेले असतात. आवाज त्या कणांत. १९७० आणि १९८०च्या दशकांतल्या अनेक फितींचा पॉलियुरेथेन गोंद हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी फीत वाजवली, तर कण खरवडून निघतात. म्हणजे ऐकता ऐकताच आवाज पुसला जातो. म्हणून तज्ज्ञ ती आधी सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या कोरड्या उबेत काही तास ठेवतात. गोंद थोडे आठवडे सावरतो. तेवढ्यात संगणकावर नक्कल उतरवायची. माझ्या लेखी हा इलाज नव्हे, मुदत आहे. घरात वडीलधाऱ्यांच्या आवाजाची जुनी फीत असेल, तर वाजवण्याआधी जाणकाराला दाखवा.