डॉज व्हायपरचा सायलेन्सर बदलायचा, तर आधी दाराखालचं पॅनल का उतरवावं लागतं?

बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर शोधावा लागत नाही. मागच्या बंपरखाली वाकून पाहिलं की दिसतो. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेतली, बोल्ट सोडले, रबरी हँगरमधून नळी ओढून काढली की अर्धं काम झालं. डॉज व्हायपर या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या मालकाला हेच काम करायचं असेल तर मात्र गाडीची कूस उघडावी लागते. दाराखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारं लांबच लांब पॅनल उतरवल्याशिवाय सायलेन्सरला हातच लागत नाही.

असं का, हे समजून घ्यायचं तर या गाडीच्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

सायलेन्सर दाराखाली गेला कसा?

१९८९ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये क्रायस्लरने व्हायपरची कन्सेप्ट कार दाखवली. कल्पनेमागे कंपनीचे बॉब लुट्झ होते आणि सोबत कॅरोल शेल्बी. साठच्या दशकात ‘कोब्रा’ बनवणारे तेच शेल्बी. कोब्राचे धुराचे पाइप गाडीच्या बाजूने बाहेर पडत. नव्या गाडीतही तेच हवं, असं ठरलं.

१९९२ मध्ये ‘आरटी/१०’ रस्त्यावर आली. ८ लिटरचं व्ही-१० इंजिन, ४०० हॉर्सपॉवर. दाराला बाहेरून हँडल नाही, खिडकीला काच नाही. आणि धुराचा सगळा मार्ग दोन्ही दारांखालच्या पोकळीतून. त्यामुळे गाडीत चढता-उतरताना पोटरी त्या पॅनलला टेकली की चटका ठरलेला. कंपनीने गाडीवर तसा इशारा देणारं लेबलच लावलं होतं.

आवाजाचीही गंमत होती. दहापैकी पाच सिलिंडरचा धूर डावीकडून आणि पाचचा उजवीकडून बाहेर पडायचा. दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांत मिसळतच नसत. त्यामुळे एवढ्या मोठ्या इंजिनाच्या गाडीचा आवाज ट्रकसारखा येतो, अशी टीका झाली. १९९६ मध्ये कंपनीने पाइप मागे नेले आणि त्याच वर्षी आरटी/१० ची ताकद ४१५ हॉर्सपॉवर झाली. पण चाहत्यांना बाजूचेच पाइप प्रिय. २००३ च्या ‘एसआरटी-१०’ मध्ये ते परत आले, आणि २०१७ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तिथेच राहिले.

चांगला चाललेला सायलेन्सर बदलायचा कशाला?

कारणं तीन सांगितली जातात: आवाज, ताकद आणि उष्णता.

आवाजाचं कारण खरं आहे. ताकदीचं थोडं वाढवून सांगितलं जातं. २००८ नंतरच्या व्हायपरमध्ये ८.४ लिटरचं इंजिन आहे आणि किमान ६०० हॉर्सपॉवर. अशा गाडीला फक्त मागचा डबा बदलून मिळणारी वाढ चालवणाऱ्याला जाणवेलच असं नाही.

उष्णतेचं कारण सर्वांत रंजक आहे. दाराखालच्या पोकळीत फक्त सायलेन्सर नसतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो. मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेला हा ठोकळा, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा थर. विषारी वायूंचं रूपांतर करण्याचं काम तो साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू करतो आणि चालू गाडीत त्याहून बराच जास्त तापतो. म्हणजे प्रवाशाच्या मांडीपासून वीतभर अंतरावर धगधगती शेगडी. म्हणून अनेक मालक कमी अडथळ्याचा कन्व्हर्टर बसवतात. काही जण तो काढूनच टाकतात. हा दुसरा मार्ग बेकायदा आहे, त्याबद्दल पुढे.

पॅनल उतरतं कसं?

रोजच्या वापरातल्या गाडीत दाराखालचा भाग वेल्डिंग केलेला असतो. गाडीचा भार तोच पेलतो, त्यामुळे तो काढायचा प्रश्नच येत नाही. व्हायपरचा भार आतला स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा पेलतो. बाहेरचं पॅनल फायबरच्या जातीच्या कंपोझिटचं, म्हणजे अंगरख्यासारखं. ते निघतं. पण त्यावर जॅक लावला तर तडकतं. जॅक सांगाड्यालाच लावायचा आणि गाडी भक्कम स्टँडवर उभी करायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ.

त्याआधी गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी लागते. इथे उतावीळपणा महागात पडतो. इंजिन बंद केल्यावरही बंद पोकळीतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. साधारण ७० अंशांच्या धातूला कातडी एखादा सेकंद टेकली तरी गंभीर भाजतं. रात्री गाडी लावून सकाळी काम सुरू करणं उत्तम.

मग चाकं काढायची, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर सोडायचं. पॅनलचे स्क्रू आणि क्लिपा या कमानीत, खालच्या कडेला आणि दार उघडल्यावर दिसणाऱ्या भागात लपलेले असतात. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला त्याचा फोटो काढावा किंवा पुठ्ठ्यावर त्याच जागी खोचून ठेवावा. सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतून पॅनलला टोचतो.

पॅनल अडलं तर जोर लावायचा नाही, राहिलेला स्क्रू शोधायचा. पॅनल ओढण्यापूर्वी शेजारच्या कडांना मास्किंग टेप लावली तर रंग वाचतो. आणि या कामाला दुसरा माणूस हवाच. एकट्याने लांब पॅनल एका टोकाला धरलं की दुसरं टोक फरशीवर आपटतंच.

आत दिसतो उष्णतारोधक पत्रा, आणि त्यामागे पाइप. इथले बोल्ट वर्षानुवर्षं तापून-गार होऊन गंजलेले असतात. आदल्या दिवशी गंज सैल करणारं तेल मारून ठेवलं तर ते सुटतात, नाहीतर डोकं तुटतं. पाइपवर ऑक्सिजन सेन्सरही असतात. त्यांच्या वायरी ताणायच्या नाहीत.

खरी चूक होते ती परत बसवताना

नवा पाइप जुन्यापेक्षा थोडा जाड असला किंवा थोडा बाहेरच्या बाजूला आला, तर पॅनल आणि पाइप यांतलं अंतर कमी होतं. थंड गाडीत सगळं नीट दिसतं. तापल्यावर स्टील प्रसरण पावतं, पाइप सरकतो आणि फायबरला टेकतो. मग रंगाला फोड येतात, कंपोझिटमधलं रेझिन करपतं आणि आसपास वायर किंवा तेलाचा ओघळ असेल तर आगीची भीती. उष्णतारोधक पत्रा ‘आता नवा पाइप आहे, गरज नाही’ म्हणून बाजूला ठेवणं ही तर सर्वांत वाईट काटकसर.

म्हणून जाणते फिटर पॅनल लावण्यापूर्वी इंजिन सुरू करून सांध्यातून धूर गळतो का ते पाहतात. गळतीचा विषारी कार्बन मोनॉक्साइड दाराखालून थेट केबिनमध्ये येऊ शकतो. पॅनलचे स्क्रूही बेताने आवळावे लागतात. फायबरला पत्र्यासारखी लवचीकता नसते, जास्त आवळलं की स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. गाडीचं उत्पादन बंद आहे, त्यामुळे नवं पॅनल मिळणंही सोपं नाही.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत ‘क्लीन एअर ॲक्ट’नुसार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं हा गुन्हा आहे, मालकासाठीही आणि गॅरेजसाठीही. कॅलिफोर्नियात गाडीच्या धुराड्याच्या आवाजावर ९५ डेसिबलची मर्यादा आहे. पॅनलआड काय केलंय हे बाहेरून दिसत नाही, पण कन्व्हर्टरनंतरचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो.

भारतात व्हायपर अधिकृतपणे विकली गेली नाही, पण हौस तीच आहे. फरक इतकाच की आपल्याकडे ती बहुतेकदा बुलेटच्या सायलेन्सरवर भागवली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड वेगळा, आणि तीन महिने लायसन्सही जातं. पुणे, मुंबई, नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ अनेकांनी पाहिलेच असतील.