भाषिक ध्वनींचा बोध आणि शब्दओळख : श्रवणप्रक्रियेचे स्वरूप

प्रस्तावना :
भाषेच्या अध्यापनात भाषण, वाचन व लेखन या कौशल्यांचा विचार बराच होतो. श्रवण मात्र आपोआप घडणारी क्रिया म्हणून गृहीत धरले जाते. त्यामुळे 'मन' आणि 'मण' यांतील भेद ज्या विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही, त्याचे लक्ष नाही असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो कितपत योग्य आहे हे ठरविण्यासाठी श्रोता ध्वनी कसे ओळखतो व त्यांतून शब्दापर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

ध्वनिप्रवाह व ध्वनींच्या कोटी :
लिहिलेल्या मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ध्वनींचा सलग प्रवाह असतो. शेजारचे ध्वनी परस्परांत मिसळतात. 'कू' उच्चारताना ओठ 'क'च्या वेळीच गोल होऊ लागतात, म्हणून 'की'मधील व 'कू'मधील 'क' ध्वनिदृष्ट्या एकच नसतो. तरीही श्रोत्याला दोन्ही ठिकाणी 'क'च ऐकू येतो.

याचे कारण अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये केलेल्या प्रयोगातून स्पष्ट होते. 'ब'पासून 'ड'मार्गे 'ग'पर्यंत समान टप्प्यांनी बदलत जाणारे कृत्रिम ध्वनी त्यांनी श्रोत्यांना ऐकविले. ध्वनी क्रमाक्रमाने बदलत असला तरी श्रोत्यांना तो एका मर्यादेपर्यंत एक व्यंजन आणि त्यापुढे एकदम दुसरे व्यंजन वाटला. म्हणजेच श्रोता ध्वनी कोटींमध्ये विभागून ऐकतो.

मराठीची साक्ष :
या कोटी भाषेनुसार बदलतात. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतील स्पर्श व्यंजने मोजली; त्यांत मराठीही होती. हवेचा अडथळा सुटणे आणि स्वरतंतूंचे कंपन सुरू होणे यांतील काळ हा त्यांचा निकष होता. मराठीत 'ग'चे कंपन अडथळा सुटण्यापूर्वी, 'क'चे सुटताच आणि 'ख'चे काहीशा विलंबाने सुरू होते. 'घ' मात्र 'ग'पासून केवळ या काळाने वेगळा करता येत नाही. तेथे सुटताना मिसळणारा श्वास निर्णायक ठरतो. इंग्रजीत या चार कोटींच्या जागी दोनच आहेत. म्हणून शब्दारंभीचा मराठी 'क' इंग्रजी भाषकाला पुष्कळदा 'ग' वाटतो.

वर्कर आणि टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतील दंत्य व मूर्धन्य ध्वनींचा भेद अर्भकांबाबत तपासला. इंग्रजी वातावरणातील सहा ते आठ महिन्यांची बालके तो ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बालकांना तो ओळखता आला नाही. हिंदी ऐकणाऱ्या बालकांत मात्र तो टिकून होता. त्यांची श्रवणशक्ती कमी झाली नव्हती. भोवतालच्या भाषेने अवधानाची दिशा ठरविली होती.

ध्वनींकडून शब्दाकडे :
शब्द ओळखण्यासाठी श्रोता तो पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. मार्सलेन-विल्सन यांच्या समूह-प्रतिमानानुसार 'कपा' एवढे ऐकताच 'कपाट', 'कपाळ', 'कपात', 'कपाशी' हे शब्द मनात एकाच वेळी जागे होतात. पुढील ध्वनी त्यांतील विसंगत शब्द बाद करतो. 'काल वाट पाहिली' या वाक्यात 'कालवा' हा शब्दही ध्वनिरूपाने असतो. पुढील ध्वनी व संदर्भ यांमुळे तो जाणवत नाही.

संदर्भाचे सामर्थ्य याहूनही अधिक आहे. वॉरेन यांनी १९७० मध्ये एका इंग्रजी वाक्यातील 'लेजिस्लेचर्स' या शब्दातला पहिला 'स' काढून तेथे खोकल्याचा आवाज घातला. वीसपैकी एकोणीस श्रोत्यांनी कोणताही ध्वनी गळाला नसल्याचे सांगितले. जे ध्वनिमुद्रणात नव्हते, ते शब्दज्ञानाने पुरविले होते.

अध्यापनातील अर्थ :
वऱ्हाडीसह मराठीच्या अनेक बोलींत प्रमाण मराठीतील 'ण'च्या जागी 'न' येतो. अशा बोलीत वाढलेल्या विद्यार्थ्याला 'पाणी' व 'पानी' यांत भेद न जाणवणे ही त्याच्या बोलीची व्यवस्था आहे, हलगर्जीपणा नव्हे. हेच इंग्रजीबाबत सुशिक्षित मराठी भाषकाचे होते. इंग्रजीत द्राक्षवेल आणि द्राक्षांचे मद्य यांच्या वाचक शब्दांचे आद्य ध्वनी वेगळे आहेत; मराठी कानाला दोन्ही 'वाईन'च ऐकू येतात, कारण मराठीत 'व' एकच आहे. म्हणून कोणी त्याला निष्काळजी म्हणत नाही.

ही मर्यादा कायमची नसते. लोगन, लाइव्हली व पिसोनी यांनी १९९१ मध्ये जपानी भाषकांना इंग्रजीतील 'र' व 'ल' यांचा भेद अनेक वक्त्यांच्या आवाजांतून ऐकविला, तेव्हा त्यांची ओळख सुधारली. 'मन-मण', 'खान-खाण' अशा जोड्या वेगवेगळ्या आवाजांत, आधी केवळ ऐकण्यासाठी देणे हा या निष्कर्षाशी सुसंगत मार्ग होय.

समारोप :
सारांश, ऐकणे म्हणजे कानावर पडलेल्या ध्वनीची निव्वळ नोंद नव्हे. श्रोता आपल्या भाषेच्या कोटी, शब्दसंचय व संदर्भ यांच्या आधारे ध्वनीला अर्थरूप देतो. म्हणूनच विद्यार्थ्याच्या श्रवणातील चूक दोष म्हणून नोंदविण्यापूर्वी तो कोणत्या भाषाव्यवस्थेतून ऐकत आहे, याचा विचार अध्यापकाने करणे अगत्याचे आहे.