फादर दिब्रिटो: वेदीपासून बावखलापर्यंत

1983 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक झाले. चर्चच्या मासिकात काय असावे, याची एक ठरीव कल्पना असते: सणवार, संतांची चरित्रे, पोपमहाराजांचे संदेश. दिब्रिटोंनी यातले काही टाकले नाही, पण त्याच्या शेजारी वसईच्या विहिरी आणल्या, गुंडगिरी आणली, मराठी शाळा आणल्या. 2007 पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, त्यांनी हे काम केले. तालुक्याबाहेरच्या आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही आपलेसे वाटेल असे ते मासिक झाले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात या चोवीस वर्षांची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

दिब्रिटोंचा जन्म 4 डिसेंबर 1942 चा, विरारजवळच्या नंदाखालचा. घरात बोली कादोडी, शाळा मराठी, आजूबाजूला केळी आणि पानवेलीच्या वाड्या. 1972 साली ते धर्मगुरू झाले. त्यांची पिढी घडत होती तो काळ कॅथलिक चर्चमधल्या मोठ्या उलथापालथीचा होता. 1962 ते 1965 या वर्षांत रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली, आणि शतकानुशतके लॅटिनमध्ये चाललेली मिस्सा वसईत मराठीतून होऊ लागली. जगाकडे पाठ फिरवू नका, त्याच्याशी बोला, इतर धर्मांतले चांगले ओळखा, असेही परिषदेने सांगितले. हे सांगणे अनेकांनी ऐकले आणि पुढे चालू लागले. दिब्रिटोंनी ते शब्दशः घेतले, असे त्यांचे सगळे काम पाहिल्यावर वाटते.

त्यांच्या लेखनातली वसई समजायची तर आधी तिथले पाणी समजायला हवे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसरीकडे खाडी आणि मधल्या सखल पट्ट्यात गोडे पाणी. या पट्ट्यात जागोजाग बावखले आहेत. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचे खोदलेले तळे. पावसाळ्यात ते काठोकाठ भरते, पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरते. पूर्वी त्यावर रहाट असत; बैल गोल फिरायचा, पाणी पाटात पडायचे, पाटातून केळीच्या आळ्यांत जायचे. जमिनीखालच्या या गोड्या पाण्याचा भार आहे तोवर समुद्राचे खारे पाणी आत सरकत नाही. तो भार कमी झाला की विहीर मचूळ होते आणि वाडी मरते.

1980 च्या दशकात मुंबईला घरे पुरेनात. चर्चगेट-विरार लोकलच्या या टोकाला जमीन स्वस्त होती, इमारती झपाट्याने उठल्या. त्यांना नळ नव्हते, म्हणून टँकर आले आणि टँकर भरण्यासाठी गावच्या विहिरींवर मोटारी बसल्या. दशक संपता संपता हरित पट्टा बांधकामाला खुला होण्याची चिन्हे दिसू लागली. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती याच सुमारास, आणि तिच्या पुढच्या फळीत एक पांढरा झगा होता. 1990 मध्ये या भागाच्या नियोजनाचा कारभार सिडकोकडे गेला. मोर्चे निघाले, सभा झाल्या. ज्या गुंडांविषयी गावात दबक्या आवाजातच बोलले जाई, त्यांच्याविषयी दिब्रिटो ध्वनिक्षेपकावरून बोलले. त्यासाठी त्यांनी धमक्याही सोसल्या.

धर्मगुरूने या भानगडीत का पडावे, हा प्रश्न त्यांना विचारला गेला. त्यांच्या उत्तराचा गाभा साधा होता: जमीन आणि पाणी ही देवाने सोपवलेली ठेव आहे, ती राखणे हे भक्तीचेच काम आहे. पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणावरचे परिपत्रक ‘लाउदातो सी’ 2015 साली आले. वसईतल्या एका धर्मगुरूने तीच भूमिका त्याच्या सुमारे पाव शतक आधी घेतली होती, तीही बिल्डर दारात उभा असताना. यातला कठीण भाग बिल्डरशी भांडण्याचा नव्हताच. जमीन विकणाऱ्यांतही चर्चच्या बाकांवर बसणारी माणसे होती. रविवारी त्यांच्यासमोर प्रवचन द्यायचे आणि त्यांना दुखावूनही आपले मानायचे, हे मोर्चा काढण्यापेक्षा अवघड असते.

त्यांच्या कामाचा दुसरा धागा ग्रंथाचा आहे. मराठीत बायबलच्या अनुवादाची परंपरा जुनी. सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी नवा करार मराठीत छापला तो 1811 साली. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, 1922 मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यावर ते काम पुरे केले. एवढे असूनही सर्वसाधारण मराठी वाचकाला बायबलची भाषा परकी आणि अवघडलेली वाटत राहिली. दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ राजहंस प्रकाशनाने काढले. बायबल चर्चबाहेरच्या मराठी प्रकाशकाकडून यावे, यातच पुष्कळ काही आले. अवघड जागी टीप, तेव्हाच्या चालीरीतींचा खुलासा, भूगोलाची माहिती अशी सोय असल्याने येशूच्या दाखल्यांतला मेंढपाळ, पेरणी करणारा शेतकरी, जकातदार ही माणसे वाचकाला ओळखता येतात. साहित्य अकादमीनेही या कामाचा गौरव केला. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या पुस्तकात त्यांनी इस्रायल आणि पॅलेस्टाइन यांच्या झगड्याचा माग घेतला. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ‘नाही मी एकला’.

2019 च्या सप्टेंबरात 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची एकमताने निवड झाली आणि वाद पेटला. धर्मगुरू अध्यक्ष कसा, असे विचारणारे आणि धमकावणारे फोन आले. ज्या भाषेत 1616 सालीच फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, जिथे रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता पाठ्यपुस्तकांत गेली, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ घराघरांत पोचली, तिथे हा प्रश्न विचारला जावा हे क्लेशदायक होते. 10 जानेवारी 2020 रोजी उस्मानाबादला संमेलन सुरू झाले. पाठीच्या दुखण्याने बेजार दिब्रिटो व्हीलचेअरवरून आले. त्याच्या पाच दिवस आधी दिल्लीच्या जेएनयूत विद्यार्थ्यांवर हल्ला झाला होता. अध्यक्षांनी त्याचा निषेध केला; बंद पडणाऱ्या मराठी शाळांविषयी, पर्यावरणाविषयीही ते बोलले. त्यांना जवळून ओळखणाऱ्यांना यात नवे काही दिसले नसेल. ‘सुवार्ता’च्या पानांवर ते वर्षानुवर्षे असेच बोलत आले होते, फक्त आता समोर सारा महाराष्ट्र होता.

25 जुलै 2024 रोजी, वयाच्या 81 व्या वर्षी ते गेले.

त्यांची वसई तोवर खूप बदलली होती. वसई-विरार महानगरपालिका 2009 मध्ये झाली, गावे तिच्यात घ्यायची की वगळायची यावरून लोक पुन्हा रस्त्यावर आले आणि ते भांडण कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षे रेंगाळले. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाख 22 हजारांवर गेली. कित्येक बावखले भरावाखाली गाडली गेली. हरित वसईची लढाई हरली असे मात्र म्हणवत नाही. पूर्वेकडून गाडीने येणाऱ्याला रेल्वे रूळ ओलांडल्यावर पश्चिम पट्ट्यात अजूनही वाड्या लागतात, आणि त्या आपोआप टिकलेल्या नाहीत. तिथल्या काही गावांत तरुण मुले उन्हाळ्यात घमेली आणि फावडी घेऊन उरलेल्या बावखलांत उतरतात, प्लास्टिक आणि गाळ बाहेर काढतात. बावखलांची नोंद व्हावी, त्यांना सरकारी संरक्षण मिळावे ही त्यांची मागणी आहे.