शिकारी वृत्तीचा कुत्रा आणि घरातील मांजर

शेतावर राखणीला कुत्रा हवा, तसेच कणगीजवळ उंदरांसाठी मांजरही हवे. परंतु कारवानी कुत्रा पाळणाऱ्यांच्या घरी मांजर टिकविणे अवघड जाते. ही जात नजरेने सावज हेरून धावणारी आहे. पळणारा प्राणी दिसताच पाठलाग करणे हा तिचा उपजत गुण आहे. तो भुकेमुळे नसतो, म्हणून पोटभर खाऊ घालून थांबत नाही. मारल्यानेही जात नाही. उलट कुत्रा चावरा होतो. यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) पिल्लू ८ ते १२ आठवड्यांचे असतानाच त्यास मांजराची सवय लावावी.

२) मोठा कुत्रा आणल्यास सुरुवातीस दोघांना वेगळे ठेवावे. नंतर कुत्र्यास साखळी लावून मांजर लांबून दाखवावे. शांत राहिल्यास लगेच भाकरीचा तुकडा द्यावा. अंग ताठ करून एकटक पाहू लागल्यास अंतर वाढवावे.

३) मांजराचे खाणे माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवावे. निसटण्यास वाट असावी.

४) घरातील मांजराशी जुळले, तरी परके मांजर कुत्रा सोडीलच असे नाही. काही कुत्रे कधीच सुधारत नाहीत. अशांना मांजरापासून कायम वेगळे ठेवावे.

५) दोघांनाही वयाच्या तिसऱ्या महिन्यात व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रेबीज प्रतिबंधक लस टोचून घ्यावी. झटापट सोडविताना चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा.