बोट मुंबईची, वाट माळव्याची

दिवाळी उलटली, की इंदूरच्या मराठी घरांतून प्रवासाचे बेत शिजू लागतात. रामबागेत असो, राजेंद्रनगरात असो वा सुदामानगरात, जेवणे आटोपल्यावर कोणीतरी सुट्यांचा हिशेब मांडतो आणि मग पंढरपूर, नाशिक, गाणगापूर अशी नावे एकामागून एक निघतात. अलीकडे या यादीत आणखी एका नावाची भर पडली आहे. ते नाव म्हणजे आगबोट. मुंबईहून गोव्याला २०१८ साली ‘आंग्रिया’ निघाली. ती फार दिवस टिकली नाही. पुढे २०२१ च्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’चे मोठे जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले आणि तेव्हापासून ‘एकदा बोटीने जाऊन येऊ’ हे वाक्य माळव्यातही ऐकू येऊ लागले.

माळव्याला समुद्र नाही. खलघाटाला नर्मदेचे पात्र दिसले, की आमचे डोळे निवतात. त्याहून मोठे पाणी आम्ही सहसा चित्रातच पाहावयाचे. म्हणूनच की काय, बोटीविषयी आम्ही बारीकसारीक विचारतो. खोलीला खिडकी आहे काय, जेवण शाकाहारी मिळते काय, बोट लागते काय? परंतु त्या बोटीपर्यंत पोचावयाचे कसे, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि घरात वाद पेटतो तो याच प्रश्नावरून. मुलगा म्हणतो बस, जावई म्हणतो मोटार, आजी म्हणते आगगाडी. तिघांचेही थोडेथोडे खरे असते.

बोट कोणासाठी थांबत नाही

या वादात शिरण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. आगगाडी चुकली तर दुसरी मिळते, बस चुकली तर तासाभराने आणखी एक असते. बोट चुकली की चुकली. तिकिटावर बोट सुटण्याची जी वेळ असते ती आपल्या कामाची नव्हेच. आपल्या कामाची वेळ म्हणजे बंदरावर हजर होण्याची. सामानाची तपासणी, ओळखपत्रे, खोलीची किल्ली हे सोपस्कार दुपारपासून चालतात आणि बोट हलण्याच्या बऱ्याच आधी दार बंद होते. तेव्हा विचार करावयाचा तो ‘मुंबईला किती वाजता पोचू’ एवढाच नव्हे, तर ‘उशीर झालाच तर किती उशीर परवडेल’ असा.

आणि मुंबईला पोचणे म्हणजे बंदरावर पोचणे नव्हे. बोटी लागतात त्या बॅलार्ड पिअरला, म्हणजे थेट कोटात. ठाण्याला उजाडले म्हणून हुरळून जाऊ नये. तेथून कोटापर्यंतचा रस्ता सकाळच्या गर्दीत कधी एक तास घेतो, कधी अडीच.

बस : स्वस्त आणि सरळ

बसचा मोठा गुण म्हणजे तिचा मार्ग. आग्रा-मुंबई रस्ता इंदूरवरूनच जातो. राऊ, मानपूर, खलघाट, जुलवानिया, सेंधवा असे करीत बिजासनचा घाट उतरला, की महाराष्ट्राची हद्द लागते. पुढे शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक. अंतर सुमारे पावणेसहाशे ते सहाशे किलोमीटर. संध्याकाळी निघालेली बस सकाळी मुंबईच्या उपनगरांत सोडते. झोपण्याची सोय असलेल्या गाड्या आहेत. तिकीट ऐनवेळी मिळू शकते, ही सोय तर आगगाडीतही नाही.

परंतु ही वाट रात्रीची आहे आणि घाटांची आहे. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय २००५ साली झाला, तेव्हापासून येथील प्रवासी बहुतांशी खासगी गाड्यांच्या भरवशावर आहे. चालक कोण, तो किती तास जागा आहे, हे उतारूला कळण्याचा मार्ग नाही. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एस. टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि किमान बारा जीव गेले. ती तर दिवसाउजेडीची वेळ होती. त्या पुलावरून जाताना नर्मदेला नाणे टाकणारे हात त्या दिवसापासून क्षणभर थबकतात.

वृद्धांच्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या, अडचणी निराळ्याच. बस थांबते ती चालकाच्या मर्जीच्या धाब्यावर, आणि तेथील सोयीविषयी न बोललेले बरे. मग आजी दुपारपासूनच पाणी पिणे सोडते. तरुण मुलगा एकटा निघाला असेल, पाठीवर एक पिशवी असेल, तर त्याने खुशाल बसने जावे. आजीला मात्र नेऊ नये.

आमच्या पेशाची म्हणून एक अडचण सांगतो. तंबोऱ्याला बसमध्ये जागाच नाही. आसनाशेजारी तो मावत नाही आणि डिकीत ठेवला तर ट्रंकांखाली त्याचा भोपळा शाबूत राहील याची हमी ब्रह्मदेवही देणार नाही. गवसणी कितीही जाड असली तरी भोपळा तो भोपळाच.

मोटार : आपल्या मनाची

मोटारीची खरी मौज स्वातंत्र्यात आहे. बिजासनीचे दर्शन घ्यावे, सेंधव्याचा किल्ला बाहेरून का होईना पाहावा, मनात आले तर चांदवडला उतरून अहिल्यादेवींच्या काळाचा रंगमहाल बघावा. इंदूरच्या माणसाला ही वाट म्हणजे होळकरांच्या मुलखातूनच चालल्यासारखी वाटते. पूर्वीच्या काळी वाटेवर संस्थानांच्या सीमा होत्या, जकाती होत्या. आता एका राज्यातून दुसऱ्यात गेल्याचे कळते ते दुकानांच्या पाट्यांवरून. मध्य प्रदेशाने आपले परिवहन तपासणी नाकेही १ जुलै २०२४ पासून बंद केले. घरची मोटार असेल तर कागदपत्रांपलीकडे कसली कटकट नाही. भाड्याची असेल तर मात्र तिला दुसऱ्या राज्यात जाण्याचा परवाना आहे ना, हे निघण्याच्या आदल्या दिवशी विचारावे. घाट उतरल्यावर नव्हे.

रस्ताही सुधारला आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नाशिककडून येणाऱ्याला कसाऱ्याच्या घाटातील मालमोटारींची रांग टाळून बोगद्यातून भिवंडीजवळ उतरता येऊ लागले. पण आमण्यापासून बॅलार्ड पिअर अजून दूरच, आणि तेवढ्या वाटेला कोणतीही समृद्धी लागू पडत नाही.

मोटारीच्या बाबतीत दोन प्रश्नांची उत्तरे आधी हवीत. पहिला, आपण बोटीवर असताना तीन-चार दिवस मोटार ठेवावयाची कोठे? नातेवाईकाचे अंगण मुंबईत नसते, असते ती त्याच्या इमारतीतली मोजून मापून आखलेली जागा. दुसरा प्रश्न अधिक गंभीर : चालवणार कोण, आणि परत येताना चालवणार कोण? बोटीवर दोन रात्री जागून काढलेला माणूस सकाळी बंदरावर उतरतो आणि तसाच इंदूरच्या वाटेला लागतो, हे साहस नव्हे, अविचार होय. उस्ताद अमीर खाँ हे होळकर दरबारच्या सारंगियाचे चिरंजीव. या शहराचे नाव त्यांनी आपल्या घराण्याला दिले. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटारीच्या अपघातात ते गेले. एवढ्या सावकाश, एवढ्या धीराने आलाप मांडणाऱ्या माणसाचा शेवट रस्त्यावरच्या एका क्षणात व्हावा, ही हळहळ इंदूरच्या गाणाऱ्यांच्या मनातून अजून जात नाही. मोटार घ्यावयाचीच असेल तर दिवसा चालवावी, नाशिकला मुक्काम करावा आणि चालवणारे दोघे असावेत.

आगगाडी : लांबून, पण झोपेतून

इंदूर-मुंबई अवंतिका एक्सप्रेस हा आमचा जुना विश्वास. मौज अशी, की ती सरळ जात नाही. उज्जैन, रतलाम करीत गुजरातेत शिरते, बडोदा, सुरत घेते आणि मग मुंबई सेंट्रलला पोचते. रस्त्याच्या मानाने ही वाट सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक लांब. तरीही संध्याकाळी निघालेला उतारू पहाटेच्या सुमारास मुंबईत असतो, आणि मधले दोनशे किलोमीटर त्याच्या पायांना नव्हे, रुळांना पडतात.

ही आडवळणाची वाट आमच्या नशिबी का आली, त्याला इतिहास आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने कर्जाऊ दिले. राजाने सरकारला कर्ज द्यावे आणि त्यातून आगगाडी यावी, असा तो व्यवहार! मग पाताळपाणी-कालाकुंडचा घाट उतरून लहान गाडीने खंडव्याला जावयाचे आणि तेथे मोठ्या रुळांवरची मुंबईची गाडी पकडावयाची, हा इंदूरकरांचा परिपाठ झाला. नाटक मंडळ्यांचे पडदे आणि गवयांचे तंबोरे याच वाटेने आले-गेले. महू-सनावद हा भाग रुंदीकरणासाठी २०२३ साली बंद झाला. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरांच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज १८,०३६ कोटी. तो मार्ग होईल तेव्हा आगगाडीही सरळ जाईल. तोवर बडोद्यावरूनच जावयाचे.

आगगाडीला एकच अट : वेळेवर जागा राखून ठेवणे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी खुलते. बोटीचे तिकीट पाच महिने आधी काढून गाडीचे तिकीट पंधरवड्यापूर्वी शोधणारे पुष्कळ आहेत. ते मग प्रतीक्षायादीकडे पंचांगासारखे पाहत बसतात. बोटीच्या तारखेतून साठ दिवस वजा करावेत आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लाल शाईने लिहावी. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि साठीपुढील पुरुष यांच्यासाठी खालच्या बाकांचा राखीव वाटा असतो, तोही लक्षात असावा.

एका घरचा निर्णय

माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीच्या घरी गेल्या हंगामात हाच खल झाला. माणसे सहा. त्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, गुडघे दुखणाऱ्या. कुलदैवत गोव्याचा मंगेश. आजींच्या आई लग्नानंतर मुंबईहून आगबोटीने पणजीला गेल्या होत्या. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला; त्यापूर्वी त्या बोटीत पाऊल ठेवणे म्हणजे परक्यांच्या मुलखाकडे निघणे होते. आईने सांगितलेली ती वाट एकदा डोळ्यांनी पाहावयाची, एवढीच आजींची इच्छा. घरात उघड कोणी बोलत नव्हते, पण पुढच्या वर्षीचा भरवसा नाही हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून हा प्रश्न पैशाचा राहिला नव्हता. बोट चुकून चालणार नव्हते आणि आजी थकून बोटीवर आडव्या पडल्या, तरीही चालणार नव्हते.

जावई मोटारीवर अडून बसले होते. मला विचारले तेव्हा मी तंबोऱ्याचा दाखला दिला. माळव्याच्या कोरड्या हवेतून समुद्रकाठी नेलेला तंबोरा गवसणीतून काढून लगेच लावावयास घेऊ नये. लाकूड आणि भोपळा यांना त्या दमट हवेची ओळख होऊ द्यावी, एक रात्र जाऊ द्यावी. मग तारा ठरतात. म्हाताऱ्या माणसाचेही तसेच. बोटीच्या दिवशी सकाळी मुंबईत उतरण्यापेक्षा आदल्या दिवशी उतरावे.

त्याप्रमाणे पाच जण अवंतिकेने एक दिवस आधी गेले, दादरला आप्तांकडे राहिले. धाकटा मुलगा कामामुळे मागे राहिला होता, तो दुसऱ्या रात्रीच्या बसने निघाला. त्याची बस धुळ्यापुढे तीन तास अडकली. तो बंदरावर पोचला तेव्हा दार बंद व्हावयास थोडाच अवधी होता. सगळे घर त्या बसमध्ये असते, तर आजींना त्या धावपळीत कसे नेले असते, हे ज्याने त्याने मनाशी ताडून पाहावे.

गोव्यात बोट मुरगावला लागते आणि फिरण्यास मोजके तास मिळतात. तेथून मंगेशीला जाताना वाटेत कुठ्ठाळी लागते. मंगेशाचे मूळ स्थान तेच. पोर्तुगीजांच्या जाचामुळे १५६० साली भाविकांनी देवाला जुवारीपलीकडे प्रियोळला हलविले. सरहद्द ओलांडून जाणे देवालाही चुकले नाही, आणि त्यालाही पाणी पार करूनच जावे लागले. आजींनी कुठ्ठाळीला मोटार थांबवावयास सांगितली आणि खिडकीतूनच हात जोडले, असे त्यांच्या नातीने मला सांगितले. देवळात बसण्यास अर्धा तास मिळाला. तेवढा पुरला.

परतीचे गणित

परतीचा विचार बहुतेक जण करीत नाहीत. बोट सकाळी लागते, गाडी आणि बसही संध्याकाळी सुटतात. मधला सबंध दिवस सामानासह मुंबईत काढावयाचा असतो. त्या दिवसाची सोय आधी करावी. आणि पावसाळ्याच्या तोंडावर हा बेत आखू नये. कोकणच्या आगबोटी पावसाळ्यात बंद ठेवण्याची रीत उगीच पडली नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली, हे कोकणी घरांतून अजून विसरले गेलेले नाही.

थोडक्यात सांगावयाचे तर एकट्या तरुणाने बस घ्यावी, चार धडधाकट माणसे आणि दोन चालक असतील तर मोटार न्यावी, आणि घरात म्हातारे माणूस, लहान मूल किंवा तंबोरा असेल तर आगगाडीच. वाहन कोणतेही असो, एक दिवस हाताशी राखावा.

इंदूर आणि मंगेशी यांचे नाते तसे जुनेच. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, आणि त्यांची थोरली कन्या लता २८ सप्टेंबर १९२९ रोजी जन्मली ती आमच्या इंदुरात. ज्या गावावरून ते आडनाव आले, त्या गावी माळव्यातल्या माणसाने एकदा पाण्याच्या वाटेने जाऊन यावे. घाई न करता जावे, म्हणजे वाटही लक्षात राहते.