सहाव्या वर्षाची दाढ

पहिल्या इयत्तेत आलेल्या बालकाचा पुढचा दात पडला की घरात त्याचे कौतुक होते. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर टाकण्याची जुनी रीत काही घरांतून अद्याप आढळते, आणि वर्गातील इतर मुलेही त्या बोळक्या हास्याकडे कुतूहलाने पाहतात. परंतु त्याच सुमारास त्या बालकाच्या तोंडात दुसरी एक महत्त्वाची घटना घडत असते व तिची वार्ता मात्र कोणालाच नसते. दुधाच्या दाढांच्या मागे, हिरडीच्या रिकाम्या जागेतून, वर दोन व खाली दोन अशा चार नव्या दाढा येऊ लागतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे त्या आल्याचे घरात कळत नाही. आणि कळले तरी 'दुधाचीच दाढ आहे, आज ना उद्या पडेल' अशी समजूत करून घेतली जाते. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. ही दाढ कायमची असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

पेण व रोहे तालुक्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत शिकविणाऱ्या शिक्षकांना ही गोष्ट ठाऊक असणे विशेष अगत्याचे आहे. बालक शाळेत पहिले पाऊल टाकते ते वर्ष आणि ही दाढ हिरडीबाहेर येते ते वर्ष बहुधा एकच असते. त्या काळात बालकाला रोज, भरदिवसा, जवळून पाहणारी सुशिक्षित व्यक्ती म्हणजे त्याचा शिक्षकच होय. दाढ वाचण्याचा काळ थोडा असतो आणि तो शाळेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच निघून जातो.

दाढ ओळखण्याची रीत

दुधाचे दात एकूण २० असतात: वरच्या जबड्यात १० व खालच्या जबड्यात १०. समोरच्या दोन दातांमधील रेषेपासून एका बाजूस मोजत गेल्यास पाच दात दुधाचे येतात. त्यांच्या मागे सहावा दात दिसला तर तीच ही नवी दाढ. सहाव्या वर्षी येते आणि मोजणीतही सहावी असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. पुढे दुधाचे पाचही दात पडून त्यांच्या जागी कायमचे दात आले, तरी हिचा क्रमांक सहावाच राहतो. एखाद्या बालकास ती पाचवे वर्ष सरताना येते, एखाद्यास सातव्या वर्षी. त्यात काळजीचे कारण नाही.

ती लवकर का किडते

'दाताला कीड लागली' या शब्दप्रयोगामुळे दातात खरोखरच किडा शिरतो असा पुष्कळांचा समज आहे. धुरी देऊन असा किडा बाहेर काढल्याचे दाखविणारे लोकही पूर्वी गावोगाव फिरत. वस्तुतः दातात किडा नसतो. दातांवर साचलेल्या चिकट थरात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजंतू असतात. आपण खाल्लेली साखर ते वापरतात व त्यातून आम्ल तयार होते. हे आम्ल दातावरील कठीण कवच विरघळविते. तोंडातील लाळ ते आम्ल हळूहळू निवविते व झालेली झीज काही अंशी भरूनही काढते. परंतु त्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली याला अधिक महत्त्व आहे. जेवणाबरोबर एकदा खाल्लेला गोड पदार्थ जितका अपाय करील, त्याहून अधिक अपाय दिवसभरात थोड्या थोड्या वेळाने तोंडात टाकलेली गोळी, चॉकलेट किंवा चहात बुडविलेले बिस्किट करते.

सहाव्या वर्षाच्या दाढेवर हे संकट अधिक तीव्रतेने येते, याची कारणे तीन. पहिले असे की तिच्या माथ्यावर खोल व अरुंद खाचा असतात. त्यांत अडकलेले अन्न ब्रशाच्या तंतूंना काढता येत नाही. दुसरे, नव्याने आलेल्या दाताचे कवच अद्याप पुरते पक्व झालेले नसते. तिसरे, वर येताना बरेच महिने ती शेजारच्या दाढेपेक्षा खालच्या पातळीवर असते, आणि ब्रश तिच्या वरून निघून जातो. जी दाढ आयुष्यभर चर्वणाचा मोठा भार वाहणार, ती अशा रीतीने येतानाच दुर्बळ व दुर्लक्षित असते.

घरातील सवयी

दात दिवसातून दोनदा घासावेत आणि त्यांतही रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे कधी चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते. फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. घासून झाल्यावर फेस थुंकावा, मात्र भाराभर चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइडचा अंश दातांवर राहतो. बालक सात-आठ वर्षांचे होईपर्यंत त्याच्या हातास नीट वळण नसते. यास्तव मागच्या दाढांवरून वडील माणसाने एकदा ब्रश फिरवावा. कडुनिंबाच्या वा बाभळीच्या काडीने पुढचे दात स्वच्छ होतात, परंतु मागच्या दाढांच्या खाचांपर्यंत ती पोहोचत नाही. राख, कोळसा व विटकरीची पूड यांनी दातांचे कवच घासले जाते.

मशेरीचा विषय शिक्षकांनी नाजूकपणे पण स्पष्टपणे हाताळावा. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. कोकणातील कित्येक घरांत आजी सकाळी मशेरी लावते आणि नातवंड तिचे पाहून चिमूटभर मागते. दाढ दुखू लागली म्हणजे तेथे तंबाखू दाबून धरण्याचा सल्लाही मिळतो. त्याने दुखणे क्षणभर बधिर झाल्यासारखे वाटते, कीड तशीच राहते आणि व्यसन मात्र जडते. पुढे मुखाच्या कर्करोगाची भीती असते ती निराळीच. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली, आणि महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तथापि कायदा घरातील डबीपर्यंत पोहोचत नाही. तेथे पालकसभेत समजावून सांगितलेला शब्दच पोहोचू शकतो.

कोणते उपचार मिळतात

दंतवैद्याकडे जाणे म्हणजे दात काढून घेणे, ही भीती घरोघरी आहे. प्रत्यक्षात काढणे हा अखेरचा उपाय होय. त्यापूर्वीच्या पायऱ्या शिक्षकांस ठाऊक असल्यास पालकांची समजूत घालणे सोपे जाते.

पहिली पायरी, दाढ निरोगी असतानाच तिच्या खाचा एका पातळ लेपाने बुजविणे. यासाठी दात कोरावा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही व वेदनाही होत नाहीत. पेण, हमरापूर, जोहे येथील मूर्तिशाळांत रंग देण्यापूर्वी मूर्तीवरील बारीक चीर भरून घेतात, हे त्या भागातील मुलांनी पाहिलेले असते. या उपचाराचे मर्म त्यांना त्या दाखल्याने चटकन पटते. याच्या जोडीला सुमारे सहा महिन्यांच्या अंतराने दातांवर फ्लोराइडचा लेप देता येतो.

दुसरी पायरी, कीड लहान असताना ती साफ करून दात भरणे. याची एक साधी पद्धत १९८० च्या दशकात आफ्रिकेतील टांझानिया देशात विकसित झाली. तीत यंत्राने दात न कोरता केवळ हाताच्या हत्यारांनी किडलेला मऊ भाग काढतात व दाताला चिकटून राहणारे सिमेंट भरतात. वीज नसलेल्या ठिकाणीही हा उपचार करता येत असल्याने वाड्या-पाड्यांवरील शिबिरांस तो विशेष सोयीचा आहे.

तिसरी पायरी, कीड आतील नसेपर्यंत गेल्यास मुळांपर्यंतचा उपचार. रात्री उठविणारी कळ ही त्याची खूण होय. या उपचारास अनेक खेपा घालाव्या लागतात. शिवाय या दाढेची मुळे पूर्ण व्हायला नववे-दहावे वर्ष उजाडते, त्यामुळे त्यापूर्वी हा उपचार अधिक कठीण होतो.

चौथी पायरी, दाढ काढणे. ती काढल्यावर शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात व समोरच्या जबड्यातील दाताला आधार उरत नाही. दुधाच्या दाढाही निष्कारण काढू नयेत. त्या पुढे येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात. एखादी अकाली काढावीच लागली, तर जागा राखणारी तार बसविता येईल काय, हे दंतवैद्यास विचारावे.

कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरल्यास तात्पुरता आराम पडतो, परंतु तो कीड थांबविणारा उपाय नव्हे. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर बालकास त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे.

उपचार कोठे मिळतील

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. या कार्यक्रमाखाली आरोग्य पथकाने शाळेस वर्षातून एकदा व अंगणवाडीस दोनदा भेट द्यावयाची असते, आणि तपासावयाच्या विकारांत दंतविकारांचा समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी शिक्षकांकडे मुलांची यादी तयार असली, तर गर्दीत कोणी सुटून जात नाही. पेण व रोहे येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. दंतचिकित्सक कोणत्या दिवशी भेटतात हे मुख्याध्यापकांनी आधी विचारून घ्यावे, म्हणजे पालकांची एक दिवसाची मजुरी व्यर्थ जाणार नाही. अधिक गुंतागुंतीच्या उपचारांसाठी पनवेल तालुक्यात कामोठे व खारघर येथे दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. पेण व रोहे ही दोन्ही ठिकाणे लोहमार्गाने पनवेलशी जोडलेली असल्याने हा प्रवास एका दिवसात होऊ शकतो. दोन्ही शहरांत खासगी दंतवैद्यही आहेत. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या व्यवसायास नोंदणी आवश्यक केली. बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला दात काढणाऱ्या वा बसविणाऱ्या इसमाकडे बालकास नेऊ नये, हे पालकांस बजावून सांगावे.

मैदानावरील अपघात

खेळताना पडून समोरचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो फेकून देऊ नये. तो पांढऱ्या भागास धरून उचलावा. मुळास हात लावू नये अथवा ते घासू नये. माती लागली असल्यास स्वच्छ पाण्यात क्षणभर धुवावा. शक्य असल्यास तो सरळ त्याच्या जागी बसवून बालकास स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावे. तसे करणे न जमल्यास दात दुधात बुडवून ठेवावा. शाळेत चहासाठी आणलेले थंड दूध यास उपयोगी पडते. नंतर शक्य तितक्या लवकर, निदान तासाभराच्या आत, दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

शाळेने काय करावे

शिक्षकावर कामांचा भार मोठा आहे, हे खरे. परंतु या कामास स्वतंत्र तास लागत नाही. पहिलीतील गणनाच्या पाठात मुले एकमेकांचे दात मोजू शकतात, आणि मोजता मोजता सहावी दाढ आपोआप सापडते. शिक्षकांनी बालकास उजेडाकडे तोंड करून उभे करावे व केवळ पाहावे. तोंडात बोट किंवा कोणतीही वस्तू घालू नये. वहीत प्रत्येक नावापुढे एवढेच लिहावे: दाढ आली किंवा नाही, खाच काळी आहे काय, खड्डा आहे काय, दुखते काय. किडक्या दातांवरून वर्गात कोणाचाही उपहास होणार नाही, याची दक्षता घ्यावी. मध्यान्ह भोजनानंतर हात धुण्याच्या रांगेतच खळखळून चूळ भरण्याची सवय लावता येते.

ही पाहणी दिवाळीपूर्वी पुरी होणे इष्ट आहे. पेण, रोहे भागातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या व कोळसा पाडण्याच्या कामावर जातात व त्यांच्याबरोबर मुलेही जातात. ती परत येतात तेव्हा पावसाळा तोंडावर आलेला असतो. जी काळी रेघ आश्विनात लहानशा भरणीने थांबली असती, ती ज्येष्ठात खोल खड्डा होऊन बसते. ज्या बालकास दवाखान्यात जाण्याची संधी सर्वांत कमी, त्याचे नाव यादीत सर्वांत आधी असले पाहिजे.

दुखणाऱ्या दाढेमुळे बालक नीट जेवत नाही, नीट झोपत नाही आणि फळ्याकडे पाहत असले तरी त्याचे चित्त गालावर ठेवलेल्या हातापाशी असते. अशा बालकास पुष्कळदा मंद वा आळशी ठरविले जाते. त्याला अभ्यासाबद्दल बोलण्यापूर्वी एकदा त्याचे तोंड उघडून पाहावे. मधल्या रेषेपासून सहापर्यंत मोजण्यास फार वेळ लागत नाही, आणि वेळीच मोजलेली ती दाढ त्या बालकास म्हातारपणीही भाकरी चावून खाण्यास उपयोगी पडेल.